एका चमच्याची चव

एकतीस वर्षं मी पाकिटातल्या नूडल्स चाखून थुंकतो आहे. कारखान्यात माझं कामच ते. प्रत्येक घाण्याचा एक पेला माझ्यापुढे येतो. चमचाभर तोंडात घ्यायचं, मनात पाच मोजायचे, बाजूच्या भांड्यात थुंकायचं, चूळ भरायची आणि दहापैकी गुण द्यायचे. गिळायचं नाही. दिवसाला चाळीस पेले गिळले तर माणूस टिकणार कसा?

"लोकांना खाऊ घालता ते स्वतः गिळत नाही. मोठे बल्लवाचार्य," असं बायको म्हणायची. आमच्या घरात तिने ते पाकीट कधी येऊ दिलं नाही. मुलगी शिकायला वसतिगृहात गेली तेव्हा बायको तिला दर महिन्याला डब्या भरून पाठवायची. मसूर शिजवून वाळवलेली, भाजलेले ओट्स, वाळवलेलं गाजर, दाण्याचं कूट, दुधाची पावडर. डबीत उकळतं पाणी ओतायचं, झाकण लावायचं, दहा मिनिटांनी खायचं. खोलीत किटलीशिवाय दुसरं काही ठेवायला परवानगी नव्हती, म्हणून ही युक्ती.

आठ महिन्यांपूर्वी बायको गेली. डब्याही बंद झाल्या. माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

मग वॉर्डनबाईंचा फोन आला. मुलगी प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडली होती. रक्त कमी, वजन एकेचाळीस किलो.

"दोन्ही वेळा पाकिटावर असते," बाई म्हणाल्या. "नावं कशाला ठेवू, तुमच्याच कंपनीची आहेत. सहा आठवडे देते. चव्वेचाळीस झाली तर राहील. नाहीतर घरी न्या, पुढच्या वर्षी बघू."

म्हणजे वर्ष वाया. आणि घरी आणून करणार काय? घरात होतं कोण तिला जेवायला घालणारं?

मेहुणीला फोन करून डबीत काय काय असायचं ते विचारून घेतलं. "प्रमाण मला नाही माहीत, भावजी," ती म्हणाली. "ताई अंदाजाने घालायची." मी म्हटलं, प्रमाणाची काळजी नको, एकतीस वर्षं दुसरं काय केलं? मसूर, ओट्स, गाजर, कूट, दुधाची पावडर, सगळं तसंच घेतलं. चवीसाठी तळलेल्या कांद्याची पूड, लसूण, मिरी, लिंबाची पावडर घातली. चाखलं, थुंकलं, मीठ वाढवलं. पुन्हा चाखलं. शेवटी कारखान्यातल्या चव-खोलीत नेलं. सहा जणांनी सहा चमचे घेतले. सरासरी नऊ. आमच्या कुठल्याही पाकिटाला नऊ मिळालेले मला आठवत नाहीत. मी वीस डब्या भरून पाठवल्या.

"छान आहे, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली. "मजल्यावरच्या सगळ्याजणी मागतात."

दोन आठवड्यांनी बाईंनी वजन कळवलं. साडेचाळीस.

रविवारी दुपारी मी वसतिगृहात जाऊन धडकलो. मजल्यावरच्या मोरीपाशी माझ्या पाच डब्या धुवायला पडल्या होत्या. प्रत्येक पाऊण भरलेली. मुलगी खोलीत होती. तिची मैत्रीण पलंगावर पाय दुमडून बसली होती.

"छान आहे म्हणालीस ना?" मी विचारलं.

"छान आहेच," मुलगी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

मैत्रिणीला राहवलं नाही. "काका, खरं सांगू? पहिला घास एकदम भारी. दुसराही. चौथ्यानंतर जीभ सोलून निघते. तुम्ही पूर्ण डबी खाऊन बघितलीत का?"

मी म्हटलं, खायची काय गरज? मला चमचाभरात कळतं.

मुलगी उठली. किटली लावली, डबीत पाणी ओतलं, झाकण लावून दहा मिनिटं मला समोर बसवून ठेवलं. मग चमचा हातात दिला. "संपवा," म्हणाली.

पहिला चमचा उत्तमच होता. पाचव्याला डोळ्यांत पाणी आलं आणि मी नकळत थुंकायचं भांडं शोधू लागलो. दोघी हसल्या. मग मुलगी हसायची थांबली.

"बाबा, तुम्ही बसून पोटभर शेवटचं कधी जेवलात?"

मी आठवून बघितलं. घरी मी ओट्याशी उभा राहून पातेल्यातलंच दोन-चार चमचे खायचो. भूक भागायची. निदान मला तसं वाटायचं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली होती, पण पट्टा जुना झाला, सैल पडला, अशी माझी समजूत.

तिने मला धरून खाली वॉर्डनबाईंच्या काट्यावर उभं केलं. माझं वजन नऊ किलोने उतरलं होतं.

बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "हिला मी घरी पाठवीन. तुम्हाला कुठे पाठवू?"

त्या दिवशी ठरलं. मी नवी डबी करायची ती अख्खी खाऊन. संध्याकाळी सात वाजता फोन समोर ठेवायचा, तिने तिकडे खायचं, मी इकडे, आणि डबी रिकामी झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. पहिल्या आठवड्यात अर्ध्यावर आम्ही दोघेही अडलो. मी मीठ उतरवत गेलो. कांद्याची पूड काढली, लिंबू काढलं, मिरी चिमटीवर आणली. दूध वाढवलं. पहिला चमचा दिवसेंदिवस पानचट होत गेला आणि डबी मात्र संपू लागली. एकदा तर ती गप्पांच्या नादात तळ खरवडत होती, तिलाच कळलं नाही.

नवा नमुना मी चव-खोलीत नेला. सरासरी चार. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "निवृत्तीआधीच जीभ निवृत्त झाली की काय तुमची?" चार गुणांवर इतका खूश झालेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा.

सहा आठवडे पुरे झाले त्या दिवशी मी हजर होतो. मुलगी काट्यावर चढली. त्रेचाळीस पूर्णांक सात. बाईंनी काट्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मग दाराबाहेर काढलेल्या तिच्या बुटांकडे बघितलं.

"बूट घाल आणि पुन्हा चढ," त्या म्हणाल्या. "अनवाणी कोण वजन करतं?"

चव्वेचाळीस पूर्णांक तीन. वहीत तेच लिहिलं गेलं.

वर जाताना मुलीने कबूल केलं, "बाबा, दोनदा पाकीटपण खाल्लं मी. तुमच्या कंपनीचं." मी म्हटलं, चालतं, त्यावर आपलं घर चाललंय.

खोलीत तिने दोन डब्यांत पाणी ओतलं. आम्ही समोरासमोर बसलो. ती खात होती. मध्येच तिने विचारलं, "हे आईच्यासारखं झालंय का हो?"

मला खरंच सांगता येईना. सव्वीस वर्षं तिच्या हातचं जेवलो, आणि पहिला घास घेतला की रोज एकच बोलायचो, मीठ कमी आहे. ती म्हणायची, पुढे खा. मी खायचो. पुढे चव कशी लागायची ते मी कधी तिला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. ताट रिकामं बघायची आणि उचलून न्यायची.

हे मी मुलीला सांगितलं. तिने चमच्याने डबीचा तळ खरवडला.

"मला अजून मीठ कमीच लागतंय," ती म्हणाली आणि आणखी एका डबीसाठी किटली लावली.