मैनाची पाटी आणि माझं कापलेलं पान

घाबरत घाबरतच बोलतोय, सांभाळून घ्या. मी एक दिवाळी अंक, कोथरूडमधल्या एका छोट्या वाचनालयाचा. अंगावर खाकी कव्हर, पाठीवर नंबर आणि पोटात कायमचा गोळा.

जन्मापासून असा भित्रा नव्हतो हो. छापखान्यातून आलो तेव्हा चांगला ऐटबाज होतो. ग्रंथपाल श्रीधरकाकांनी मला कव्हर घातलं, शेवटी एक कोरा कागद चिकटवला आणि वर लाल शाईनं लिहिलं, 'मत येथे लिहावे. निबंध लिहू नये.' त्यांचा दुसरा नियम भिंतीवर होता : 'पान गेलेला अंक रद्दीत जाईल.' तो वाचून मला हसू आलं होतं. माझं पान कशाला जाईल?

माझ्यात लेख होते, कविता होत्या, पण माझा जीव होता एका जादूच्या गोष्टीवर. ती लिहिली होती शर्मिलानं. खडकीला कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करणारी मुलगी, आणि ही तिची पहिलीच गोष्ट. गोष्टीत मार्केट यार्डातली मैना नावाची पाटीवाली आहे. डोक्यावरच्या पाटीतून ती कांदे-बटाटे वाहतेच, पण लोकांची भीतीही वाहते. धडकी भरलेल्या माणसाजवळून ती नुसती गेली, की त्याची भीती हिच्या पाटीत. कुणाची परीक्षेची, कुणाची ऑपरेशनची, कुणाची नोकरी जाण्याची. माणसं हलकी होऊन घरी जातात आणि पाटी जड होत जाते. शेवटी मैनाची मान मोडायला येते. सगळं पुणं पालथं घालते, तरी पाटी उतरवायला जागा सापडत नाही.

पुढं काय झालं ते शेजारच्या पानावर होतं. आणि त्या पानाच्या मागे आवळ्याच्या लोणच्याची कृती होती. तिथंच घात झाला.

मला सगळ्यात आधी घरी नेलं सुशीलाबाईंनी. त्यांनी गोष्टीआधी कृती वाचली, ब्लेड आणलं आणि ते पान मुळापासून कापलं. मला साधं 'आई गं' म्हणता आलं नाही. झेरॉक्स काढून परत चिकटवू, असं त्या सुनेला म्हणाल्या, घडी घालून पान पर्समध्ये ठेवलं आणि साफ विसरल्या. मागच्या बाजूला काय आहे ते बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोष्ट वाचायला घेतली. 'पाटी उतरवायला जागा सापडेना' इथं पान बरोबर पूर्णविरामावर संपत होतं. समोर एकदम कविता! त्यांनी चष्मा पुसला आणि शेवटच्या कागदावर लिहिलं, 'जादू बरी आहे. शेवट लिहिण्याचे कष्ट लेखिकेने घेतलेले नाहीत.'

पान गेलं तसा तो शेवट मलाही आठवेना. मैना डोक्यावर पाटी घेऊन माझ्यात तशीच उभी राहिली, आणि पाटीतली सगळी भीती माझ्या अंगात उतरली. कुणाच्या घरी बेल वाजली तरी माझ्या काळजात धस्स व्हायचं.

मग घरोघर फिरलो. कागद भरत गेला. आयटीतली ऋतुजा लिहून गेली, 'ओपन एंडिंग टू गुड, पण झोप उडाली यार.' एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलं, 'वाचकाला मार्केट यार्डात सोडून लेखिका घरी गेलेली दिसते.' कुणी विचारलं, 'मैनाने पीएमटी का धरली नाही?' बाकी बहुतेकांनी सुशीलाबाईंचीच री ओढली. पानांचे आकडे पाहायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. काकाही परत घेताना फक्त कव्हर बघायचे. मला सुटल्यासारखं वाटायचं आणि त्याची लाजही वाटायची.

आमच्या वाचनालयात एक पद्धत आहे. हिवाळा सरता सरता एका लेखकाला बोलावतात आणि त्याच्या समोर मतं वाचून दाखवतात. यंदा बोलावलं शर्मिलाला. ती फोनवर काकांना म्हणाली, की लोकांचं ऐकून ठरवणार आहे, पुढं लिहायचं की सोडून द्यायचं. ते ऐकलं आणि माझी पाचावर धारण बसली. कापलेलं पान उघडकीला आलं तर मी रद्दीत. नाही आलं तर ही पोरगी लेखणी ठेवणार. मी बापडा काय मागणार?

त्या संध्याकाळी काकांनी खड्या आवाजात एकेक मत वाचलं. लोक हसत होते. शर्मिला आधी हसली, मग मान खाली घालून बसली. शेवटी तिनं, माझं चुकलं असेल, म्हणत पर्स उचलली आणि जाता जाता सहज मला हातात घेतलं. तिनं पान उलटलं, परत उलटलं.

"माझा शेवट कुठंय?" ती म्हणाली. "इथं पान कापलंय."

पुढच्या रांगेत बसलेल्या सुशीलाबाईंचा चेहरा पडला. त्यांनी पर्स उघडली, घडी काढली आणि दोन्ही बाजू नीट पाहिल्या.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "मागे तू होतीस होय."

शर्मिलानं उभ्या उभ्या शेवट वाचला. यार्डात डोक्यावरचं जड ओझं कुणी एकटं उतरवत नाही. 'जरा हात लावा' म्हटलं, की अनोळखी माणूसही पुढं होतो. मैनानं आजवर ते कधी म्हटलंच नव्हतं. ती म्हणते. एक हात लागतो, मग चार लागतात, आणि पाटी खाली येते. पाटीत बघतात तर काहीच नसतं.

सुशीलाबाईंनी पेन मागून कागदावर लिहिलं, 'शेवट वाचला. आधीचे मत मागे घेते. चूक माझी.' मग पुढची गोष्ट कधी, असं त्यांनी शर्मिलाला विचारलं. मार्चपर्यंत देते, ती म्हणाली, आणि लोणच्याच्या कृतीचा फोटो काढून घेतला.

तिचं निभावलं. माझं नाही. काकांनी पान चिकटवलं खरं, पण नियम म्हणजे नियम. आता मी दाराजवळ सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यात सगळ्यात वर पडलोय, आणि उद्या सकाळी रद्दीवाला येणार आहे. मला फार भीती वाटतेय. पण तो शेवट मला परत पाठ झालाय, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणून बघतो.

अहो, दारावरून जाणारे... जरा हात लावता का?