मेहंदीवालीची सही

पडेगावच्या खुशनुमाला आपल्या मेहंदीचा गर्व होता, आणि तो रास्तच होता. दुखणं एकच. चित्रकार चित्राखाली सही ठोकतो, रिक्षावाला रिक्षामागं पोरांची नावं लिहितो. हिनं चार-चार तास पाठ मोडून नवरीचे हात रंगवायचे आणि त्यावर नाव मात्र नवरदेवाचं. तेही नक्षीत लपवायचं, म्हणजे लग्न लागल्यावर त्यानं सगळ्यांसमोर शोधायचं. ज्यानं जन्मात मेहंदीचा कोन हातात धरला नाही, त्याचं नाव!

"दस दिन में उतर जाती मेहंदी," आई जैतुनबी म्हणायची. "उसपे नाम डालके क्या करती?"

पण एकदा तरी कुणीतरी आपलं नाव वाचावं, ही हौस काही जाईना. करमाडच्या मंजुषा नावाच्या नवरीच्या हातावर मनगटापाशी, कोयरीच्या पोटात, खुशनुमानं न विचारता नवऱ्याच्या नावाच्या जागी स्वतःचंच नाव लिहून टाकलं.

वाचलं ते नेमकं नवरदेवानं. सत्यम पाव तास मंजुषाचे हात उलटेपालटे करत होता. स्वतःचं नाव सापडेना, सापडलं 'खुशनुमा'.

"ही कोण?" त्यानं विचारलं. मावश्यांनी माना पुढं काढल्या.

मंजुषाला तरी कुठं ठाऊक? मेहंदीवालीला तिनं चार तास नुसतं 'ताई' म्हटलेलं. पण पोरगी हजरजबाबी.

"कोण नाय वो! उर्दू शब्द हाय. देखणा, मन खूश करणारा. तुमच्यासाठीच लिहून घेतलाय."

सत्यम लाजून चूर झाला, मावश्या खिदळल्या, आणि कुणीतरी हे सगळं मोबाइलवर घेत होतं.

आठवड्यात तो व्हिडिओ करमाडपासून छावणीपर्यंत फिरला. आता नवऱ्यांची नावं मागे पडली, जिला तिला 'खुशनुमा' हवं. छावणीत तर पाटी लागली: 'येथे खुशनुमा काढून मिळेल.' खुशनुमानं ती पाटी पाहिली तेव्हा आधी तिला हसू आलं, मग रडू. गावभर आपलं नाव, आणि आपल्याला कुणी ओळखत नाही.

मग सोनिया नावाची नवरी तिच्याकडेच आली. तिनं फोनवर तो व्हिडिओ उघडला. "ताई, हे असंच पायजे."

"ते माझं नाव आहे," खुशनुमा शेवटी बोललीच. "ती मेहंदी मीच काढली होती."

"व्हय का?" सोनिया हसली. "छावणीतल्या दोघी मेहंदीवाल्या बी असंच म्हणत होत्या."

खुशनुमानं कोन उचलला. या वेळी तिनं काही लपवलं नाही. तळव्याच्या मधोमध, ठसठशीत, जीव ओतून नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा उघडपणे.

सोनियानं हात फोनशेजारी धरला. एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं.

"ताई, राग नका मानू. पण तुमचं जरा नकली वाटतंय. ह्याच्यातल्यावानी काढा ना."

खुशनुमानं ओली मेहंदी कापसानं पुसली, फोन समोर ठेवला, आणि स्वतःच्या नावाची नक्कल करायला बसली.