शेपटीतली लाल पेशी

"पड गं बाये एकदाची बाहेर, दुपार झाली," पडद्याकडे बघत डॉक्टर प्योन म्हणाली.

पडद्यावर नखाहून लहान, काचेसारख्या पारदर्शक माशाच्या पिल्लाची शेपटी होती. रक्तवाहिन्या हिरव्या, त्यांत सोडलेली कर्करोगाची पेशी लाल. ती रक्तवाहिनीबाहेर कशी पडते ते टिपायचं होतं, पण सकाळपासून ती एका वळणावर भिंतीला चिकटून बसली होती.

प्रयोगशाळेचे मासे सांभाळणारी ओक्रान मनात म्हणत होती, आतच राहा. ही आत राहिली तर ताईचं सगळं ठीक निघेल, असं खूळ तिने डोक्यात घेतलं होतं. ताईचा स्तन काढला त्याला दोन वर्षं झाली, आता पाठदुखीने उचल खाल्ली होती. तपासणीचा निकाल आज होता. ओक्रानने एकाच टाकीत दोनदा खाणं टाकलं.

"मावशी, टेका की जरा. तुमच्या येरझाऱ्यांनी मासे बिथरतील," प्योन ओक्रानला म्हणाली.

ती टेकली, लगेच उठली. तेवढ्यात पेशीने भिंतीतून एक बारीक टोक बाहेर काढलं, अंग चोरलं आणि हळूच पलीकडे गेली. पडद्याभोवती जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओक्रानने पडद्याकडे पाठ फिरवली. खिशातला फोन वाजला.

"मणक्यात आलंय," ताई म्हणाली. "कापून काढलं होतं ना सगळं? मग पाठीत कसं गेलं? सून नको नको म्हणत होती, तरी मी किमचीच्या लोणच्याचे हंडे उचलले. माझंच चुकलं बघ."

"तुझं काही चुकलं नाही, ताई. ते रक्तातनं जातं, भिंतीतनं वाट काढतं. ऑपरेशनच्या आधीच निघालं असेल. हंड्यांचा काही संबंध नाही. मी आत्ता डोळ्यांनी बघितलं."

"खरंच?"

"तुझ्याशी कधी खोटं बोलले?"

"लहानपणी रोज बोलायचीस." ताई म्हणाली. "आज तुझ्या माशांचं श्राद्ध ना? तिथली नाशपाती आण येताना. इथली हॉस्पिटलची पेज गिळवत नाही."

प्रयोगात मेलेल्या जिवांसाठी आवारात एक दगड उभा आहे. संध्याकाळी सगळे त्यापुढे वाकले. ओक्रान दरवर्षी माशांची माफी मागायची. आज माफी न मागताच ती उठली. मघाशी प्रयोग संपल्यावर लाल पेशीचं ते पिल्लू तिनेच भुलीच्या औषधाच्या पाण्यात सोडून संपवलं होतं.

सगळे पांगल्यावर तिने नैवेद्याची नाशपाती कापली. एक फोड दगडापाशी ठेवली, उरलेली पिशवीत घातली आणि झपाझप निघाली. ताईला भूक लागली होती.