सगळ्यांचा पासवर्ड

मित्रांनो, मी एक जुना पासवर्ड आहे. 'माराकाना१९५०' हे माझे नाव. त्या साली आम्ही उरुग्वेवाल्यांनी माराकानाच्या मैदानात ब्राझीलला हरवून विश्वचषक जिंकला. आमच्याकडे पासवर्ड सुचवा म्हटले की हेच पहिले आठवते, त्यामुळे मला ओळखायला चोराला फार डोके चालवावे लागले नसते.

माझा जन्म गावच्या दवाखान्यात झाला. दोन्या एल्विरांनी, म्हणजे आमच्या एल्विराबाईंनी, रक्तदात्यांची यादी संगणकात उतरवली आणि तिला मला कुलूप म्हणून लावले. सुरुवातीला मी फक्त त्यांच्या बोटांचा होतो.

पण आमच्या दवाखान्यात सकाळी 'माते' नावाच्या काढ्याचा तुंबा फिरतो. तो कडू, गरम काढा सगळे एकाच नळीने पितात. वेगळी नळी मागणारा शिष्ट ठरतो. त्या घोळक्यात मीही हातोहात फिरलो. नर्सला फोन नंबर हवा, सांगा पासवर्ड. औषधवाल्याला रक्तगट हवा, सांगा. दोन्या एल्विरांना नाही म्हणणे जमले नाही आणि मीही लाडावलो.

एका दुपारी रुग्णवाहिकेचा चालक वॉशिंग्टन यादीत शिरला. दोन बोटांनी, अक्षरे शोधत टाइप करणारा तो एकटाच. 'नेल्सन तेचेरा' हे नाव त्याला दोनदा दिसले, पत्ताही एकच. यादी नीटनेटकी करावी म्हणून त्याने एक ओळ पुसली. ते दोघे बापलेक होते. पुसला गेलेला लेक ओ निगेटिव्ह होता.

आठवड्याने एका बाळंतिणीला तेच रक्त लागले. यादीत कुणी सापडेना, रक्त शंभर किलोमीटरवरून आणावे लागले. बाई वाचली. दुसऱ्या दिवशी धाकटा नेल्सन दारात उभा: "मला का नाही बोलावलंत?"

डॉक्टर इरासाबालबाईंनी कुणी काय बदलले त्याची संगणकातली नोंद तपासली. पुसणाऱ्याच्या जागी सगळ्यांचे सामाईक खाते, म्हणजे मी. यादी दोन्या एल्विरांची, म्हणून ठपका त्यांच्यावर आला. अकरा वर्षे सांभाळलेली यादी सोमवारपासून दुसऱ्याकडे द्यायचे ठरले. मला ती दोन बोटे ठाऊक होती, पण मला तोंड नव्हते.

शुक्रवारी गरम पाण्याचा थर्मास, म्हणजे तुंबा भरून देण्याचे काम, वॉशिंग्टनच्या हाती होते. दोन्या एल्विरांनी पहिलाच तुंबा परत देताना 'ग्रासियास' म्हटले. आमच्यात तुंबा देताना आभार मानले की समजायचे, आता मला नको.

"एकच तर घेतलात," वॉशिंग्टन म्हणाला.

"पुरे झालं रे. संशयानं बघणाऱ्यांत बसून घशाखाली उतरत नाही."

त्याने थर्मास खाली ठेवला आणि घोळक्यात बसलेल्या डॉक्टरबाईंकडे वळला. "डॉक्टर, ती ओळ मी पुसली. मला वाटलं, एकच माणूस दोनदा लिहिलाय."

"आणि इतके दिवस मूग गिळून बसलास?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"नोंदीत नाव नव्हतं ना माझं. घाबरलो."

दोन्या एल्विरा म्हणाल्या, "तुंबा सगळे पितात, पण थर्मास एकाच्याच हाती असतो. यादीचं तसं मी केलं नाही. तेवढी चूक माझी."

यादी त्यांच्याकडेच राहिली आणि त्याच सकाळी प्रत्येकाला स्वतःचे खाते मिळाले. चालकाने नंबर नि रक्तगट फक्त वाचायचा, नर्सने नवा दाता जोडायचा, पुसायचे ते दोन्या एल्विरांनीच. कुणी काय केले ते नावानिशी नोंदले जाते.

मग त्यांनी मला शेवटचे टाइप केले, बंद करण्यासाठी. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण मित्रांनो, आपल्या माणसावर विश्वास असेल तर त्याला त्याच्या कामापुरती, त्याची स्वतःची किल्ली द्या. माझ्यासारखी एकच किल्ली सगळ्यांत फिरली, की एकाची चूक दुसऱ्याला सोसावी लागते.

बंद होता होता मी पाहिले. वॉशिंग्टनने तुंबा भरून पुढे केला. दोन्या एल्विरांनी तो रिकामा करून परत दिला, पण या वेळी 'ग्रासियास' म्हटले नाही.