मोहाच्या तेलावर तलासरी

“पैजेला मिशी लावतोस काय? बोल!”

मी असं बोल्लो आणि चिमणनं खरंच मिशीला हात लावला. तिथंच मी मनात नाचलो. गडी अडकला.

उधव्याच्या नाक्यावर माझं पंक्चरचं दुकान. समोर चिमणची जीप लागते, उधवा ते तलासरी. जीपचा मागचा दरवाजा त्याच्या बायकोच्या, बायजी वहिनीच्या, जुन्या लुगड्यानं बांधलेला. स्पीडचा काटा कितीतरी वर्षं विसावरच बसलेला, जीप उभी असली तरी वीस. दोन हजार अठराचा जानेवारी चालू होता. पंपावर डिझेलचा भाव रोज सकाळी सहाला बदलायचा, आणि बदलायचा म्हणजे चढायचाच. बाकीच्या जीपवाल्यांनी भाडं पंधराचं वीस केलं. चिमण एकटा पंधरावर बसून होता.

“वीस कर रं,” मी त्याला बोल्लो. “नायतर जीप विकशील नि माझ्याजवळ ट्यूब बुडवत बसशील.”

“नाय करनार. बुधी आजी टोपलीभर भाजी विकाया जाते. तिनं काय जीपला भाजी चारायची?”

“मंग डिझेल कुठून आणशील? सेलवासवरनं?”

“तिकडं हद्दीपल्याड दोन-तीन रुपयं सस्तं हाय. पन जाऊन येतो तं तेवढं जळतंच. त्यापरीस घरीच हाय माझ्या. मोहाच्या बियांचं तेल. बायजीनं घाण्यावर काढलंय, डबा भरलेला हाय. माझं जुनं इंजिन, पाजशील ते पितं.”

नाक्यावरचे सगळे खो खो हसले. चिमणला हसलेलं सोसत नाय. तो उठला.

“पंपाचा एक थेंब नाय घालनार. भरली जीप तलासरीला नेतो. लाव पैज!”

तर अशी ती पैज. चिमण हरला तर तलासरीच्या बाजारात त्याची मिशी काढायची आणि त्याच दिवसापासून भाडं वीस. मी हरलो तर गळ्यात बैलाची घुंगरमाळ घालून तलासरी नाक्यापासून बाजारापर्यंत त्याची जीप ओढायची.

“येत्या बाजाराच्या दिशी,” मी साळसूद तोंड करून बोल्लो. “पहिल्या फेरीला. भाव सहाला बदलतो ना? आपनपन सहालाच निघू.”

“चालंल!”

आता यातली गंमत सांगतो. मोहाचं तेल दुपारी पाहाल तर पाण्यासारखं. पण थंडीच्या दिवसात सकाळी पाहा. तुपासारखं थिजतं, उलथन्यानं खरवडावं लागतं. हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. चिमणलाही ठाऊक, पण पैज लागली दुपारी दोनला, अंगातून घाम निघत होता, तेव्हा थंडी कुणाच्या ध्यानात असणार?

माझ्या मागं माझी बायको संगिता मिरच्या निवडत बसली होती. ती बाजाराला चिमणच्याच जीपनं मिरच्या नेते. तिनं सगळं ऐकलं, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि काय बोल्ली नाय. एरवी ती माझ्या एका शब्दाला चार सुनावते. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पण मी खुशीत होतो. तलासरीला नविन नावाच्या न्हाव्याला फोन केला, वस्तरा लावून ठेव बोल्लो. चहावाल्याला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, बँकेच्या शिपायालाही सांगितलं. मिशी उतरायची तर बघायला माणसं नकोत?

बाजाराचा दिवस उजाडला तो दात वाजवतच. धुकं असं की समोरचा आंबा दिसेना. मी निघताना संगितानं माझ्या हातात एक बाटली दिली. जाड लोकरी मोज्यात घातलेली, वर फडकं बांधलेलं.

“गुडघं दुखतात ना तुमचं? गरम पानी हाय. मांडीवर धरून बसा. जीपमंदी वारा लागंल.”

मला भरून आलं. वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या गुडघ्यांची विचारपूस केली होती.

जीपजवळ गेलो. टाकीत काठी घालून पाहिली, कोरडी. चिमणनं पुढच्या सीटजवळ एक कॅन बांधला होता आणि त्यातून नळी इंजिनात सोडली होती. कॅन रिकामा. तेलाचा डबा बाजूला. मी डब्यात बोट घातलं. बोट उभंच राहिलं.

“चिमण,” मी बोल्लो, “हे इंजिनात ओतशील का भाकरीला लावशील?”

चिमणचं तोंड उतरलं. मिशीसुद्धा खाली लोंबली. मी घुंगरमाळ खांद्यावर टाकून आणली होती, चिडवायला. ती छमछम वाजवली.

तेवढ्यात धुक्यातून बाया आल्या. नेहमीच्याच. पुढं बायजी वहिनी, मागं बुधी आजी, मग बाकीच्या डोक्यावर टोपल्या घेऊन. बायजी वहिनी बोल्ली, “चला गं, काढा.” आणि एकेकीनं शालीच्या आतून, पोटाजवळून बाटली काढली. पातळ, पिवळं, कोमट तेल! गेले दोन दिवस वहिनीनं एकेक बाटली घरोघर वाटली होती, आणि सकाळी चुलीशी शेकून प्रत्येकीनं पोटाशी बांधून आणली होती.

“हे चालनार नाय!” मी ओरडलो.

“का नाय?” बुधी आजी माझ्या अंगावर आली. “पंपाचं हाय काय यात? वास घे!”

वास घेतला. पंपाचं नव्हतं.

वहिनीनं इंजिनाच्या फिल्टरवर किटलीतलं कढत पाणी ओतलं. बायांनी जीप ढकलली. जीप खोकली, शिंकली, आणि पांढराशुभ्र धूर सोडून चालू झाली. मी मुकाट पुढं जाऊन बसलो, बाटली मांडीवर घेऊन. संगिता मिरच्यांची टोपली घेऊन मागं बायांत बसली.

आणि वास कसला! कुठंतरी भजी तळताहेत असा. वाटेवरच्या पाड्यांतली कुत्री मागं लागली. एक म्हातारा रस्त्यात उभा राहून विचारतो, “कुनाकडं लगीन हाय?” चिमण शिट्टी वाजवत होता. बाया मागं गाणी म्हणत होत्या. एक बाटली संपली की मागून दुसरी पुढं यायची.

तलासरीच्या अलीकडं एक चढ आहे. त्या चढावर जीप गचके द्यायला लागली. चिमणनं मागं हात केला.

“आन गं बाटली.”

“संपल्या,” बायजी वहिनी बोल्ली.

जीप चढाच्या मध्ये थांबली. तलासरीची घरं दिसत होती. सोबत आणलेल्या डब्यातलं तेल अजून दगड. मी टाळी वाजवली. “उतर चिमण! वस्तरा वाट बघतोय. आन् बायांनो, जाताना वीस वीस काढा!”

बुधी आजीनं पदराची गाठ चाचपली. चिमण चाकाकडं बघत राहिला. खरं सांगतो, तेव्हा मला जरासं कसंतरी झालं. पण जरासंच.

मग मागून संगिताचा आवाज आला, अगदी गोड.

“अहो, गुडघं शेकलं का?”

“शेकलं.”

“मंग द्या ती बाटली इकडं.”

मी मांडीकडं पाहिलं. फडकं सोडलं, मोजा काढला. आत पाणी नव्हतं.

उधव्यापासून इथवर चिमणचं तेल मी माझ्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरून, ऊब देऊन आणलं होतं.

जीपमध्ये जो हसण्याचा गोंधळ झाला, त्यानंच जीप अर्धी वर गेली असती. चिमणनं तेल ओतलं, जीप पुन्हा खोकली, आणि आम्ही तलासरी नाक्यावर पोचलो.

तिथं ही गर्दी! मीच बोलावलेली. नविन न्हावी वाटीत साबण फेसून उभा. चिमण खाली उतरला, मिशीला पीळ भरला आणि माझ्याच खांद्यावरची घुंगरमाळ काढून माझ्या गळ्यात घातली.

“एक सांगतो पांड्या,” तो कानाशी बोल्ला, “हे तेल विकलं असतं तं चार दिसाचं डिझेल आलं असतं. रोजचं जमनार नाय. आता दर ऐतवारी सेलवासचं भाडं मारीन, येताना टाकी भरून आनीन. पन पंधराचं वीस नाय करनार.”

“मंग पैज कशाला लावलीस?”

“तू मिशीचं नाव काढलंस ना!”

बंपरला दोर बांधला. मी बोल्लो, “बाया उतरतील ना?” बुधी आजी आतून ओरडली, “पंधरा रुपयं भरलेत बाजारापर्यंतचं! उतरायचं कशाला?”

मी दोर कमरेला बांधला आणि जोर लावला. जीप ढिम्म. काटा मात्र विसावर. नाक्यावर शिट्ट्या, सगळ्यांचे मोबाइल वर धरलेले. पुन्हा जोर लावला आणि जीप हळूच हलली. मागं वळून पाहिलं तर संगिता उतरून मागून ढकलत होती.

“बघता काय? ओढा!” ती बोल्ली. “मिरच्यांना उशीर होतोय.”

मग मीपण मागं हटलो नाय. हरायचं तर झोकात. मान हलवून घुंगरं वाजवली, नविनच्या वाटीतला फेस घेऊन दोन्ही कानांवर शिंगं काढली, आणि तलासरीच्या भर बाजारात असा हंबरलो की भाजीवालीच्या गाईनं मला ओ दिली.