कारवानी म्हणा, कारवाँ म्हणा

मी एक कारवानी कुत्रा. अणदूरच्या माळावर, मेंढरांच्या वाड्यात माझा जन्म झाला. तेव्हा आमच्याकडं निजामाची राजवट होती. लांबट तोंड, आत ओढलेलं पोट, काटकुळे पाय, अशी आमची जात. मला निराळं नाव कुणी ठेवलंच नाही. जातीचं नाव तेच माझं, आणि ते प्रत्येकाच्या तोंडात वेगळं वाजायचं.

माझा धनी धुळाप्पा धनगर माळावरून हाळी द्यायचा, "करवानीऽ". त्याची बायको म्हाळसाबाई 'कारवानी' म्हणायची, शेवटची 'नी' दातांवर अलगद टेकवून. किराणा दुकानाचे बंडप्पा घरात कानडी बोलत. ते 'कारवानि' असं चटकन तोडून म्हणत. एकदा हरणांच्या शिकारीला एक गोरा पाहुणा आला. तो माझ्याकडं बघून 'कॅरव्हॅन, कॅरव्हॅन' करत राहिला. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला बोलावतोय. मी कान झटकून झोपलो.

त्याच शिकारीत गिरदावर साहेबांनी मला ससा धरताना पाहिलं. साहेब महसूल खात्याचे. चराईची परवानगी त्यांच्या हातात. कुत्रा छान आहे, एवढंच ते म्हणाले. धुळाप्पानं गुमान माझी दोरी त्यांच्या शिपायाकडं दिली. म्हाळसाबाई वाड्याच्या तोंडाशी उभी होती. ती दिसेनाशी होईपर्यंत मी मागं वळून बघत होतो.

नळदुर्गला साहेबांच्या घरी मला दूधपाव मिळू लागला, पण अंगाला लोकरीचा वास येईना. साहेब सदा दौऱ्यावर. घरात त्यांची बेगम बिल्कीसबी एकटी. मूलबाळ नव्हतं. दुपारी सगळं गाव पेंगलं की ती माझ्याजवळ जमिनीवर बसायची आणि हळूच म्हणायची, 'कारवाँ'. तिचा शेवट नाकात विरून जायचा, लांब गेलेल्या घंटेसारखा.

कारवाँ म्हणजे दूरच्या वाटेनं सोबतीनं चाललेली माणसं, असं ती मला सांगायची. तुझे पूर्वज सौदागरांच्या तांड्याबरोबर आले असतील, म्हणायची. ते ऐकता ऐकता माझे डोळे मिटत. मी उंट कधी पाहिला नव्हता, तरी झोपेत उंच पायांची रांग दिसायची. पिवळी धूळ, पाण्याच्या मशका, आणि सावलीसावलीनं धावणारा माझ्यासारखाच कुणी. जाग आली की तिचा हात माझ्या मानेवर असायचा.

पुढं ते अठ्ठेचाळीस साल आलं. त्या वर्षी माणसं माणसांना भीत होती. आधी एकांची घरं जळाली, मग दुसऱ्यांची. भादव्यात साहेब कामासाठी हैदराबादला गेले आणि वाटा बंद झाल्या. सोलापूरकडून फौजेच्या मोटारी आल्या, धुरळा उडवत निघूनही गेल्या. त्यानंतर वाऱ्यावर जळक्याचा वास येऊ लागला. नोकर पळाले. बिल्कीसबी दाराला कडी लावून बसली. एका सकाळी तिनं माझ्या गळ्यातली दोरी सोडली आणि मला मागच्या दारानं बाहेर काढलं. तू तरी वाच, असं म्हणाली.

मी धावत सुटलो तो थेट अणदूरच्या वाड्यात.

म्हाळसाबाईनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग धुळाप्पाला म्हणाली, "कुत्रं सुटून आलं म्हंजी बाई एकली हाय. चला."

"त्यांनी आपलं कुत्रं न्हेलं, ध्यानात हाय न्हवं?"

"बाईनं न्हाय न्हेलं."

धुळाप्पा बराच वेळ चिलमीत बोट फिरवत बसला. मग उठला आणि मेंढरं नळदुर्गच्या वाटेला हाकली.

माझा आवाज ऐकून बिल्कीसबीनं कडी काढली. तिचा भाऊ सोलापुरात होता. तिथवर पोचवायचं ठरलं. म्हाळसाबाईनं तिला आपलं लुगडं नेसवलं, कपाळाला कुंकू लावलं, डोईवर बोचकं दिलं. माझी दोरी तिच्या हातात दिली. आम्ही कळपाच्या मधोमध चालू लागलो. बाजरीची कणसं भरली होती. चहूकडं मेंढरांच्या पाठी हलत होत्या, जणू जमीनच सावकाश पुढं सरकत होती.

वाटेत म्हाळसाबाई तिला शिकवत होती. तोंड उघडू नका, आणि कुणी कुत्र्याचं इचारलंच तर एवढंच म्हणा, कारवानी हाय. "नाकातनं न्हाय, बाई. दातातनं. नी."

"कारवाँनी," बिल्कीसबी म्हणायची. पुन्हा. आणखी एकदा. तिनं नाव घेतलं की मी वळून तिच्यापाशी जायचो. दर वेळी. शेवटी दोघी हसल्या. त्या दिवसांत मी ऐकलेलं ते एवढंच हसू.

एका ओढ्यापाशी काठ्या-कुऱ्हाडी घेतलेली माणसं आडवी आली. पुढं शांतलिंग नावाचा माणूस होता. उन्हाळ्यात त्याच्या भावाचं दुकान जाळलेलं होतं, हे धुळाप्पाला ठाऊक होतं. शांतलिंगानं विचारण्याआधीच धुळाप्पानं सांगितलं, ही माझी मेव्हणी, माहेराला निघालीय. शांतलिंगाची नजर तिच्या हातावर गेली. कधी उन्हात न राबलेला हात होता तो.

"बाई, कुठल्या जातीचं कुत्रं हे?"

तिनं घामेजल्या मुठीत माझी दोरी आखडून घेतली.

"कारवाँ..." ती म्हणाली. थांबली. मग "नी" म्हणाली, पण फार उशीर झाला होता.

मागून एकजण पुढं सरसावला. त्यानं विचारलं, "काय म्हणली ती?"

शांतलिंग तिच्याकडं बघत होता. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"कारवानी म्हणली," तो म्हणाला. "पडशानं नाक चोंदलंय तिचं. सोडा वाट."

मग बाजूला होताना, फक्त आम्हाला ऐकू येईल असं बोलला, "बाई, डोळं पुसा. पुढच्या गावात लई माणसं हाईत."

त्यानं असं का केलं, ते मला आजवर कळलेलं नाही. मी त्याचा हात हुंगला. त्या हातालाही घाम सुटला होता.

सोलापुरात भावाच्या दारात बिल्कीसबीनं माझी दोरी म्हाळसाबाईच्या हातात ठेवली. "ये आपका है," म्हणाली. खाली बसून माझ्या कपाळाला कपाळ लावलं. मग लुगडं बदलून देते म्हणाली, तर म्हाळसाबाईनं मान हलवली.

"ऱ्हाऊ द्या. परत द्यायला येताल."

त्याला आता बरीच वर्षं झाली. राजवट गेली, चराईचा साहेब बदलला. माझ्या डोळ्यांवर दुधी साय आली आहे आणि कानही गेलेत. कोण कसं हाक मारतं ते आता ऐकू येत नाही. ओठ हलले की उठतो. दिवसभर वाड्याच्या तोंडाशी उन्हात पडून असतो. ऊन आणि झोप यांच्यातला फरकही हल्ली कळत नाही.

तुम्ही सोलापूरला जाणार असाल तर एवढं काम करा. बिल्कीसबी भेटली तर तिला सांगा, सोलापूरची मोटार थांबली की म्हाळसाबाई अजून वाड्याबाहेर येऊन उभी राहते. लुगडं नसलं तरी चालेल म्हणावं. नुसतं या.