गोड पोचलं तर घर आपलं

मी तुंबा बोलतोय. तुंबा म्हणजे कडू भोपळा वाळवून, आतून पोकळ करून केलेलं भांडं. आजकालच्या लेकरांना हेही सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगून मोकळा झालो. ज्याला मी शोभेची वस्तू वाटतो त्यानं पुढं वाचायची तकलीफ घेऊ नये.

माझा जन्म शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरचा, वसरामच्या छपरावर. एका वेलाला आम्ही बरेच भाऊ होतो. बाकीचे गोड निघाले, भाजीत गेले. वसरामच्या बायकोनं, पद्माबाईनं, माझी साल नखानं खरवडून जिभेला लावली, थू केलं आणि म्हणाली, "ह्यो राहू द्या. ह्यो कामाचा हाय."

कडू होतो म्हणून जगलो. गोड लोकांचं काय होतं ते मी लहानपणीच पाहिलं.

मग माझी घडण सुरू झाली. देठाकडून तोंड पाडलं, पाणी भरून आतला गर कुजवला, खडे घालून खुळखुळ हलवलं. आईच्या पोटातून येणाऱ्याला एवढा त्रास नसेल. पुढं चुलीवर धूर दिला, तेल चोळलं. पद्माबाईनं सुताची जाळी विणून तिच्यात कवड्या ओवल्या आणि तोंडात मक्याच्या बुरकुंडाचं, म्हणजे दाणे काढलेल्या कणसाचं, बूच बसवलं. तांड्यात नवरीला काय सजवतील असा मी दिसायचो. खोटं वाटत असेल तर पद्माबाईला विचारा, पण ती कामात नसताना विचारा.

वसराम हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे मालाच्या बाजारात, हळदीची पोती उचलायचा. अंगाला, कपड्याला, घामाला सगळीकडं हळद. आणि त्याला शौक एकच, शिंदीचा. शिंदीच्या झाडाला खाप मारून रात्री गाडगं बांधतात, त्यात पाझरतो तो रस. पहाटे तो गोड असतो, ऊन चढलं की आंबूस होतो, दिवस कलला की जहाल. झाडापासून जितके लांब जाल तितकी त्याची चव हातातून जाते. म्हणून ज्याला चव कळते त्याला झाडाजवळच राहावं लागतं.

लोक म्हणायचे, वसराम पितो. साफ खोटं. पिणारे दुकानात बसतात. वसराम चाखायचा. एक तुंबा, तोही जेवणाआधी, तोही बायकोच्या समोर. जेवणं झाली की पद्माबाई मला गरम पाण्यानं आणि कडुनिंबाच्या पाल्यानं आतून धुवायची आणि दारात उलटा टांगायची. एक दिवस चुकली नाही. मोठ्या घरातल्या पितळेला असं सुख नसेल.

पंच्याण्णव साली पोरगी संगिता दहावी पास झाली. कॉलेज हिंगोलीत. रोज एस.टी.ची वाट पाहायची, ती आली तर भरलेली. वसराम म्हणाला, आता हिंगोलीतच जागा घेऊ. बैलजोडी विकली. म्हणजे माघारी फिरायचा रस्ता बंद. कॉलेज सुरू व्हायच्या आत घर पाहिजे, नाहीतर पोरगी घरी बसणार, हे तिघांनाही कळत होतं.

पद्माबाईनं आपली अट घातली. "पानी जवळ पायजे. शेजार धड पायजे. आन त्या पान्यात पावडर कालवून केलेल्या नकली शिंदीच्या दुकानाजवळ मला नेलं, तर मी तांड्यावर माघारी. तुमी राहा आन तुमचा तुंबा राहा."

"माझी बी एक अट हाय," वसराम म्हणाला. "शिंदी गोड पोचली पायजे."

"आन पोरीचं कॉलेज?"

"ते पोरगी पोचवील. शिंदीला पाय न्हाईत."

संगिता हसली. पद्माबाई हसली नाही, पण तिनं जाळीची गाठ घट्ट करून दिली.

आता त्याची रीत ऐका. कयाधू नदीच्या काठी भिकाबाई नावाची म्हातारी शिंदी विकायची. तिचा नवरा झाडावर चढायचा, ती खाली गिऱ्हाईक सांभाळायची. वसराम पहाटेच्या एस.टी.नं येऊन उजाडताच तिच्याकडून मला भरून घ्यायचा आणि जे घर पाहायचं तिथं सरळ चालत जायचा. तिथं पोचून बूच काढायचं आणि एक घोट घ्यायचा. गोड पोचलं तर घर आपलं. आंबलं तर घर लांब. लोक शहर टेपानं मोजतात. हिंगोली शहर माझ्या पोटानं मोजलेलं आहे, हे ध्यानात ठेवा.

पहिलं घर स्टेशनच्या अंगाला होतं. पोचेपर्यंत मी बराबर आंबलो होतो. वसरामचं तोंड पाहून घरवाला म्हणाला, "एवढ्या लांबून कशाला आणता? हितं खालीच दुकान हाय की." त्यानं कौतुकानं मला तिथून भरून आणलं. ते पावडरीचं पाणी माझ्या पोटात गप्प बसून राहिलं. फेस नाही, खदखद नाही. जिवंत शिंदी कधी गप्प बसत नाही. वसरामनं घोट घेतला आणि मोरीत थुंकला. त्या दिवशी पद्माबाईनं मला दोनदा धुतलं आणि दोन्ही वेळा नवऱ्याला शिव्या दिल्या.

दुसरं घर नव्या कॉलनीत होतं. तिथं पद्माबाई आणि संगितासुद्धा आल्या. अंगणात नळ, दारात तुळस, खाली फरशी. पद्माबाई नळाला हात लावून उभी राहिली, सोडवेना. कॉलेजही जवळ. घरमालकानं आत बसवलं. ऊन चांगलंच चढलेलं होतं आणि वसरामनं बूच जास्तच घट्ट ठोकलं होतं. मी तरी किती धरणार? ठप्प करून बूच उडालं, छतावर आपटलं आणि मालकाच्या पांढऱ्या चादरीवर फेसच फेस.

"दारू घेऊन घर बघायला येता?" मालक ओरडला. "तुम्ही लोक तांड्यावरच राहा! इथं सभ्य माणसं राहतात."

वसराम खांद्यावरच्या पंचानं चादर पुसायला लागला. पोतं उचलणारा माणूस, पण मान खाली गेली. तेव्हा जी बाई दोन महिने त्याला शिंदीवरून बोलून राहिली होती, ती उठली. तिनं मला उचलून काखेत घेतलं.

"शिंदी हाय ती. दारू न्हाई," ती म्हणाली. "आन तांड्यावर कोनी आलं तर आमी आधी पानी देतो, मग जात इचारतो. तुमच्या दारात नळ असून घोटभर पानी न्हाई इचारलं."

रस्त्याला लागल्यावर ती नवऱ्याकडं वळली. "आन तुमी! एवढं घट्ट बूच काहून बसवलं? काय बंदूक हाय का?"

संगिता हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. कॉलेज सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते.

तिसरी जागा म्हणजे भिकाबाईच्या घराला लागून पडलेली तिचीच मोकळी जागा, वर पत्र्याची एक खोली. झाडं दारातच. तिथं मला मोजायला काही राहिलंच नव्हतं. पण भिकाबाईनं सरळ नाही म्हटलं.

"मला गिऱ्हाईक पायजे, शेजारी न्हाई. गिऱ्हाईक शेजारी आलं की रातंदिस दार वाजवते."

"मी न्हाई वाजवनार, मावशी," वसराम म्हणाला.

"समदे असंच म्हनतात. मग शुद्ध हरपल्यावर दार कोनाचं हाय ते बी कळत न्हाई."

वसरामनं वाद घातला नाही. जाण्याआधी भरून तरी द्या म्हणून त्यानं मला पुढं केलं. भिकाबाईनं बूच काढलं, सवयीनं आत नाक घातलं आणि थांबली. परत वास घेतला. बोट आत फिरवून पाहिलं.

"ह्यो कोन धुते?"

"मी," पद्माबाई म्हणाली.

"कवा?"

"रोज. ह्यो मानूस जेवायच्या आधी पितो, मी जेवल्यावर धुते."

"आन त्यानं दुसऱ्यांदा मागितलं तर?"

"मागून दाखवावं त्यानं."

भिकाबाई पहिल्यांदा हसली. वसरामकडं न बघता पद्माबाईला म्हणाली, "पिनाऱ्याचं तोंड न्हाई पाहायचं, बाई, भांडं पाहायचं. भांडं घान तर घर घान. ह्या गावात मी कैक तुंबे हुंगले, असा न्हाई हुंगला. या राहायला."

"पानी?" पद्माबाईची अट तिनं सोडली नव्हती.

"माझ्या दारात आड हाय. शिंदी उभी राहते तिथं पानी हाताला लागते. एवढं बी ठाऊक न्हाई व्हय?"

असं घर मिळालं. नळवाल्या कॉलनीत ज्यानं घालवलं तोही मी आणि कयाधूकाठी ज्यानं मिळवून दिलं तोही मीच. गर्व आहे मला. काहून नसावा?

तिथं आमची बरकत झाली. संगिता शिकली. वसराम मोंढ्याला जाण्याआधी उजाडताच मला घ्यायचा, दहा पावलांवर भिकाबाई. दोघी बाया दारात बसून गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या आणि वसराम घोट घेऊन म्हणायचा, "कलेक्टरला बी असं न्हाई भेटत."

म्हणायला गेला आणि कलेक्टर खरंच आला. नव्व्याण्णव साली हिंगोली जिल्हा झाली. हापिसं आली, साहेब आले, साहेबांना प्लॉट लागले. नदीकाठची झाडं एकेक करून पडायला लागली. भिकाबाईचा नवरा वारला. तिच्या दारातलं एकच झाड राहिलं, त्याला मोंढ्यातला एक जण संध्याकाळी खाप मारून गाडगं बांधायचा आणि पहाटे उतरवून द्यायचा.

संगिताचं लग्न झालं होतं. जावई दिपक, पुण्याला बँकेत. चांगला पोरगा, पण जीभ कोरी. एकदा येताना बीअरची बाटली घेऊन आला आणि गंमत म्हणून माझ्यात ओतली. माझ्या अंगावर काटा आला. वसरामनं घोट घेतला, थोडा वेळ तोंडात फिरवला.

"हे कुन्या झाडाचं?"

"झाडाचं नाही मामा, कारखान्याचं."

"मंग तुमी त्या कारखान्याशेजारी घर घ्या, जावईबापू. इथवर येऊन शिळं झालं."

दोन हजार सात साली दिपकची बदली हिंगोलीला झाली. त्यानं घर घेतलं ते नेमकं त्याच नळवाल्या कॉलनीत. खालची खोली सासू-सासऱ्यासाठी. संगिता म्हणाली, "बा, आता पत्र्याखाली नका राहू. मायला आडाचं पानी शेंदवत न्हाई. मी किती डाव म्हनू?" लेकीचं मन मोडवत नव्हतं. वसराम उठला. मग खुंटीवरून मला काढलं.

"गोड पोचलं तर येतो," तो म्हणाला.

भिकाबाईनं शेवटच्या झाडाची शिंदी मला भरून दिली. तिला आता नीट दिसत नव्हतं, तरी नाक आत घातलंच. "सांडू नका," एवढंच बोलली. वसराम पुढं, पद्माबाई मागं, असे आम्ही निघालो. वयानं मला बुडाला तडा गेला होता. थेंब थेंब मी रस्त्याला गळत होतो आणि मुंग्या मागं लागल्या होत्या. पायात चपला घासत वसराम कॉलनीत पोचला, लेकीच्या दारात बसला, बूच काढलं आणि मला तोंडावर उलटं केलं. काहीच आलं नाही.

त्यानं मला हलवलं. परत हलवलं. मग लेकीकडं पाहून म्हणाला, "रिकामा पोचला. म्हंजे घर लई लांब हाय, बाई."

संगितानं कपाळावर हात मारला. मग तिनं आतून पाणी आणलं, दोघांना दिलं आणि हट्ट सोडला.

परत येताना वसराम रस्त्यावरचे ओले डाग पाहत म्हणाला, "ह्याला तडा गेला वाटते."

"कालच दिसला व्हता मला," पद्माबाई म्हणाली. "धुताना."

"मंग बोलली काहून न्हाई?"

"मला बी न्हाई जायाचं."

मी आता कामातून गेलो. पद्माबाईनं तडा दोऱ्यानं शिवला, राळ भरली, पण ओलं काही माझ्यात राहत नाही. संगिता रविवारी येते. मला आपल्या काचेच्या कपाटात ठेवायचं म्हणते. पोरी, तसं करू नको. माझ्या पोटात पद्माबाईनं माझ्याच वेलाचं बी ठेवलं आहे, तेवढं काम पुरे आहे मला.

तुम्हीही कधीतरी घर पाहायला निघाल. फरशी पाहाल, नळ पाहाल. तुमच्या आवडीचं एखादं भांडं भरून सोबत न्या, तिथं बसून चाखा, आणि कोणी आधी पाणी विचारतं का तेही पाहा.

यंदा त्याच बियाचा वेल पत्र्यावर चढला आहे. बरेच भोपळे धरले. काल पद्माबाईनं एकाची साल नखानं खरवडून जिभेला लावली आणि थू केलं.

पोरी, त्याला रोज धूत जा. बाकीचं तो पाहून घेईल.